धाकट्याचं झाकण

हसा! आधी पोटभर हसून घ्या, म्हणजे मग मला बोलता येईल... गुडघाभर गवतात चांगला धडधाकट माणूस उकिडवा बसून कात्रीने कचकच गवत कापतोय म्हटल्यावर तुम्ही हसणारच, तुमची काय चूक? आणि वर विचारता, ‘अहो, तुमच्याकडे तो छोटा ट्रॅक्टर होता ना?’ होता! होता म्हणजे काय, आहे! तो काय, कुंपणापलीकडे उभा आहे, हिरवागार, आमच्या साडूच्या अंगणात. ऐका, ऐका, चालू करतोय तो... खर्र, खर्र, भर्रर्र... थांबा, जरा धीर धरा... खुक्, खुक्... बंद! आहाहा! त्या एका ‘खुक्’साठी, तुम्हाला सांगतो, मी हे सगळं गवत दातांनीसुद्धा कापीन. पण मी बोललो का काही? नाही! एक अक्षर नाही.

हळू बोला मात्र. त्याचे कान फार तिखट आहेत.

तर ही दोन घरं, मधे हे झुडपांचं कुंपण आणि मागे दोन्ही घरांची मिळून एकच लांबलचक बाग, वरून खाली उतार, तळाशी पाण्याचा चर. सगळी आमच्या सासरेबुवांची. त्यांना दोन मुली, म्हणून दोन जावई, म्हणून दोन घरं. मी थोरला जावई, तो पलीकडचा दुसरा. आणि तिसरं अपत्य हा ट्रॅक्टर! तुम्हाला वाटेल मी थट्टा करतोय, पण सासरेबुवा त्याला ‘धाकटा’ म्हणतात हो! वर एक माणूस बसेल, पोटाखाली गवत कापायची पाती, एवढासा त्याचा जीव, पण फोन आला की पहिला प्रश्न, ‘धाकटा कसा आहे?’ मग मुलगी कशी आहे. मग वेळ उरला तर जावई.

सासरेबुवा जन्मभर कारखान्यात रंगखात्यावर होते. खातं सुटलं, रंग काही सुटला नाही. आणि रंग कुठला, तर हिरवा, एकच हिरवा, दिसेल त्याला हिरवा! फाटक हिरवं, खुंट्या हिरव्या, नळ हिरवा, आणि नळाची चावी रंगाने अशी गच्च बसलेली की तहान लागली तर पाना घेऊन जायचं! मागच्या दाराच्या कडीवर इतके थर, इतके थर, की कडी कोयंड्यात जातच नाही, आम्ही रोज दाराला खुर्ची लावून झोपतो. पण बोललो का मी काही? नाही! म्हातारपणची हौस आहे, असू दे.

पुढे त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि ते फ्लॅटमध्ये राहायला गेले. लिफ्ट आहे, पण लिफ्टमध्ये धाकटा मावत नाही, मोजून बघितलं होतं त्यांनी! जायच्या दिवशी सकाळी धाकट्याला रंगाचा शेवटचा हात दिला, बारीक कुंचला घेऊन, नाक ओढत ओढत, एक सांदीकोपरा म्हणून सोडला नाही. मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. ‘जावईबापू, तुम्ही थोरले. सांभाळा. आणि धाकटा ज्याच्याकडे, त्याने दोन्ही बाजूंचं गवत कापायचं, ही आपल्या घरची रीत.’ साडूने टाळ्या वाजवल्या हो, पण कशा? बोटांच्या टोकांनी.

आणि झालं काय, धाकटा माझ्याकडे आला आणि आजारी पडला. गार असताना किल्ली फिरवा, एका झटक्यात चालू! उतार उतरून चरापर्यंत मोठ्या ऐटीत जायचा, आणि वळलं की गुरगुर... उचकी... आणखी एक उचकी... खुक्, बंद. आणि तापलेला असा की वर चहा ठेवावा. थोडा वेळ थांबलं की पुन्हा आपला चालू, जसं काही झालंच नाही! पुन्हा तेवढाच चालणार, पुन्हा खुक्. आणि माझं ते चरापाशी उन्हात बसणं सुरू झालं की कुंपणावर ते डोकं उगवलंच म्हणून समजा. ‘साडूभाऊऽऽ, तेल बघितलंत?’ बघितलं. ‘नाही, तेल कमी असलं की तापतं हो.’ बघितलं म्हटलं ना! ‘नाही, जास्त असलं तरी तापतं हो!’ म्हणजे मी काय करू? तेल कमीही नको, जास्तही नको, ते काय मीठ आहे? ‘मी आपलं काळजीने विचारतो, साडूभाऊ. मामांचा जीव आहे त्याच्यात.’ काळजीने! त्या काळजीतून नुसतं पाणी सुटत होतं, तोंडाला!

मग घडलं ते प्रकरण. मी धाकट्याला चालवत गल्लीच्या तोंडाशी मेकॅनिककडे निघालो, तर भर गल्लीत खुक्. लोक बघतायत, मी वर बसलेला, आणि मागून आली साडूची गाडी! उतरला, डिकीतून दोरी काढली, म्हणजे बघा, माणूस दोरी बाळगून फिरत होता! ‘तुम्ही उठू नका साडूभाऊ, नुसतं चाक धरा.’ मी बापडा चाक धरून बसलो, त्याने ओढत ओढत सगळ्या गल्लीतून मला घरी आणलं. मला वाटलं, काय असेल तो असो, वेळेला धावून आला. आत येऊन फोन बघतो तर घरच्या ग्रुपवर मी! गाडीच्या मागच्या सीटवरून मेहुणी माझं चित्रीकरण करत होती. मी दोरीच्या टोकाला, पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, गंभीर चेहरा, आणि मागे यांनी बिगूल लावलेला, राजाची स्वारी निघाल्यासारखा! खाली सगळ्या नातेवाइकांचे हसून लोळणारे चेहरे. एक चेहरा आमच्या घरातूनच गेला होता. हिला विचारलं तर म्हणते, ‘अहो, बोट लागलं चुकून.’ चुकून नेमकं हसणाऱ्यावरच लागलं का?

तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोललो का मी काही? नाही! मनात ठरवलं. याला याच धाकट्यावर, सगळ्या घरासमोर असाच बसवीन. दोरी मी धरीन. बिगूलसुद्धा मीच निवडीन.

आणि साडू तेवढ्यावर थांबला का? त्याने सासरेबुवांना फोन केला. हा असा आवाज काढून... ‘मामा, सांगू नये, पण धाकट्याचे हाल बघवत नाहीत हो. रोज कुठेतरी पडलेला असतो.’ अहो, ट्रॅक्टरबद्दल बोलतोय की दारुड्याबद्दल? सासरेबुवांचा मला फोन. ‘जावईबापू, रविवारी येतो. दोघांनी फाटकापासून चरापर्यंत आणि चरापासून परत, एकेक फेरी मारायची. ज्याच्या हाताखाली बंद पडणार नाही, धाकटा त्याचा.’ झालं! मी थोरला, मला हातात दिलेली किल्ली, आणि आता माझ्याच अंगणात माझी परीक्षा! धाकटा गेला तर जाऊ दे एक वेळ, पण तो त्या माणसाकडे जाणार? आणि त्याने माझं गवत कापायचं, म्हणजे दर आठवड्याला वर बसून, हसत हसत, माझ्या खिडकीसमोरून?

मेकॅनिकला घरी बोलावलं. त्या माणसाच्या तोंडात कायम एक स्क्रू असतो. बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाला, ‘इंजिन खोलावं लागंल.’ म्हटलं, अहो, निदान चालू करून तर बघा. ‘बघायचं काय त्यात? खोलावं लागंल.’ त्याला पंखा दाखवा, शिलाई मशीन दाखवा, तो खोलायलाच बसणार. आणि खोललेलं पुन्हा बसवणार कधी, तर तो स्क्रू तोंडातून काढेल तेव्हा! त्याला वाटेला लावला आणि म्हटलं, आपणच बघायचं.

आधी ताप. वरचं पत्र्याचं टोपण काढलं. इंजिनच्या अंगावर पातळ पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामधून पंख्याचा वारा गेला की ते गार राहतं. तर त्या पट्ट्यांमधे वाळकं गवत दाबून भरलेलं, गादीत कापूस भरावा तसं, आणि गवतावर... काय असेल सांगा बघू? हिरवा रंग! अहो, गवतासकट रंगवलं होतं! बसलो पातं घेऊन, खरवडून खरवडून एक एक फट मोकळी केली, बोटांची सालं निघाली. चालू केला. ताप निम्म्यावर आला हो! पण चरापाशी गेला आणि खुक्.

म्हणजे पोटाचं दुखणं. पेट्रोल. जुनं सगळं ओतून टाकलं, टाकी धुतली, ताजं भरलं. खुक्. फिल्टर नवा घातला. खुक्. नळी सायलेन्सरच्या अंगाला लागत होती, ती लांब बांधली. खुक्. कार्बोरेटर उतरवला, वाटी पुसली, बारीक भोकांतून फुंकर मारली, पेट्रोलची चव अशी बसली जिभेवर की हिने केलेली आमटी मला गॅरेजसारखी लागायला लागली. ‘नावं ठेवू नका,’ ही म्हणते, ‘आधी चूळ भरा.’ आणि कुंपणावरून, ‘साडूभाऊऽऽ, टाकीत पेट्रोल आहे ना?’ विचारतो मला! टाकीत पेट्रोल आहे ना! ‘नाही, कधी कधी माणूस विसरतो हो.’ पान्याकडे हात गेला होता माझा, देवाशपथ. पण बोललो का मी काही? नाही!

शनिवारची दुपार. सगळं करून झालेलं. चरापाशी खुक्. मी वर बसलोय, डोक्यावर ऊन, आणि संतापाने, निव्वळ संतापाने, म्हटलं बघू तरी टाकीत खरंच पेट्रोल आहे का, म्हणून टाकीचं झाकण फिरवलं... आणि काय आवाज आला म्हणता? स्स्स्स्सूंऽऽ! टाकीने श्वास घेतला! कुणाचं तरी नाक धरून ठेवावं आणि सोडावं तसा! झाकण सैल लावलं, किल्ली फिरवली, भर्रर्र, चालू! वरपर्यंत गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, उचकी नाही!

डोक्यात उजेड पडला. झाकण हातात घेऊन बघितलं. त्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं, पेट्रोल खाली गेलं की त्यातून हवा आत यायला. हवा आली नाही तर पेट्रोल अडतं, इंजिन उपाशी पडतं, तापतं आणि मरतं. ते भोक कुठे होतं? नव्हतंच! गुळगुळीत, चकचकीत, हिरवं! जाता जाता दिलेला शेवटचा हात, बारीक कुंचल्याने, प्रेमाने. सासरेबुवांनी आपल्या हाताने आपल्या धाकट्याचं नाक बुजवलं होतं!

आता हे त्यांना सांगायचं कसं? ‘मामा, तुमच्या मायेने गुदमरला तो’? डोळे पुसत रंगवला होता हो त्यांनी. मी गुपचूप हिच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली, भोक मोकळं केलं, रंगाची एक टिकली बाहेर पडली, संपलं दुखणं. कुणाला बोललो का काही? नाही!

आणि इथेच, तुम्हाला सांगतो, इथेच मी थांबलो असतो तर आज तुम्ही माझ्याकडे चहाला आला असतात आणि मी धाकट्यावरून उतरून तुमचं स्वागत केलं असतं. पण डोळ्यांपुढे तो बिगूल वाजायला लागला! म्हटलं, नुसतं जिंकून काय उपयोग? तो हरला पाहिजे. सगळ्यांसमोर, चरापाशी, दोरीच्या टोकाला! न्हाणीघरातून साबणाचा एवढासा तुकडा नखाने काढला. साबणच का? पेट्रोल मेण खातं, साबणापुढे त्याचं काही चालत नाही, हे मला ठाऊक. तांदळाच्या कणीएवढी गोळी केली, पुडीत बांधली, खिशात ठेवली.

रविवार. बागेत खुर्च्या मांडलेल्या. मधे सासरेबुवा, दोन्हीकडे दोन्ही मुली, मेहुणीच्या हातात फोन तयार. साडू हातमोजे घालून आला होता, आणि डोळ्यांना गॉगल! उतारावरून जाऊन यायचं तर हा जणू विमान चालवणार! पहिली फेरी माझी. काय गेलो म्हणता! चर, वळण, वर, फाटक, कुठे खोकला नाही, शिंक नाही. सासरेबुवांनी रुमाल काढला. ‘जावईबापू, बोलायला लागला हो धाकटा!’ म्हणाले. ही माझ्याकडे अशी बघत होती की लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. साडूचा गॉगल कपाळावर गेला.

मी इंजिन चालूच ठेवलं. ‘तुमच्यासाठी टाकी भरून देतो साडूभाऊ, वाटेत संपायला नको,’ म्हणून काठोकाठ पेट्रोल ओतलं. का? आत हवेला जागाच उरत नाही, लवकर गुदमरतो! झाकण लावलं, फडक्याने पुसल्यासारखं केलं, आणि साबणाची गोळी भोकात, अंगठ्याने, गच्च! बाजूला झालो. दोरी सकाळीच झुडपामागे ठेवली होती. साडूने पाय उचलला...

आणि सासरेबुवा उठले. ‘थांबा. हात शिवशिवतोय माझा. आधी मी एक फेरी मारतो.’

म्हटलं, ‘मामा, नको, ऊन फार आहे!’ ते म्हणाले, ‘ढग आलेत.’ म्हटलं, ‘मामा, तुमचे गुडघे!’ ते म्हणाले, ‘गुडघ्याने चालवतात का?’ म्हटलं, ‘मामा, निदान झाकण एकदा तपासतो...’ तर ही ओरडली, ‘अहो, किती ते मधे मधे! जाऊ द्या ना त्यांना!’ बसले म्हातारे वर. पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं हसू. गेले उतारावरून. मी मनात साबणाला हात जोडतोय, वितळ रे बाबा, वितळ!

चरापाशी खुक्.

आणि खालून आवाज आला, हलकेच, टोपणावर थोपटत, ‘काय झालं रे धाकट्या? माझ्यावरसुद्धा रुसलास?’ अहो, तुम्हाला खरं सांगतो, मला तिथल्या तिथे रडू फुटलं असतं. इतकं वाईट वाटलं मला, इतकं वाईट... चरात उडी मारावीशी वाटली, पण त्यात घोटाभरच पाणी.

साडूला दोरी शोधावी लागली नाही, झुडपामागे होतीच! त्याने पुढून ओढलं, मी मागून ढकललं, वर सासरेबुवा मान खाली घालून बसलेले, आणि मेहुणीचा फोन चालू. ढकलताना बघितलं तर झाकण माझ्या नाकासमोर. सगळ्यांदेखत उघडणार कसं? वर आल्यावर साडू धापा टाकत म्हणतो, ‘बघितलंत मामा? साडूभाऊंची फेरी झाली ती गार इंजिनवर. तापलं की बंद. मूळ दुखणं तसंच आहे, वरवर पुसून ठेवलंय नुसतं!’ सासरेबुवांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे हो, रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. ‘जावईबापू, माझ्या हाताखाली हा जन्मात बंद पडला नव्हता. तुमच्याकडून तुम्ही केलंत, पण जमलं नाही तुम्हाला.’ आणि किल्ली साडूच्या हातमोज्यावर ठेवली.

आता मला सांगा, काय बोलायचं होतं मी? म्हणायचं, ‘मामा, मी ठणठणीत बरा केला होता’? मग बंद का पडला? साबणाने. साबण कुणी घातला? मी! आणि साबणाच्या आधी काय होतं? तुमचा रंग! म्हणजे एका वाक्यात मी चोर, ते दोषी, आणि साडू तेवढा धुतल्या तांदळासारखा! बोललो का मी काही? नाही!

पण साबण झाकणात होता ना! त्या आशेवर मी जेवलो त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी साडू बसला वर, चरापाशी खुक्. मी कुंपणाशी तयार. ‘साडूभाऊऽऽ, तेल बघितलंत?’ आहाहा! ‘नाही, जास्त असलं तरी तापतं हो!’ त्याने फिल्टर बदलला. खुक्. त्याने टाकी धुतली, झाकण बाजूला उन्हात ठेवून धुतली, आणि पुन्हा तेच झाकण लावलं! खुक्. कार्बोरेटरमध्ये फुंकर मारताना मी त्याला डोळ्यांनी बघितलं, आणि त्याच्याही तोंडची आमटीची चव गेल्याचं मेहुणीने हिला फोनवर सांगितलं. तो स्क्रूवाला आला, म्हणाला, ‘खोलावं लागंल.’ आणि परवा सासरेबुवा स्वतः आले, हिरव्या रंगाचा डबा घेऊन. ‘धाकटं पोर नव्या घरात गेलंय, जरा ताजा हात देतो.’ दिला! झाकणावर डबल! आता साबणावर रंग. मला तर शंका आहे, सुईसुद्धा जाईल की नाही.

तर असा मी सूड घेतला. पूर्ण घेतला. फक्त एक हिशेबात राहिलं, की धाकटा ज्याच्याकडे, त्याने दोन्ही बाजूंचं गवत कापायचं, आणि तो तर तिकडे मरून पडलाय! त्याचं गवत वाढतंय, माझंही वाढतंय. झाकणाला सुईचा एक टोचा मारला की दोन्ही बाजू साफ, पण मग तो वर बसून माझ्या खिडकीसमोरून जाणार, गॉगल लावून! छे! त्यापेक्षा साप निघाला तरी चालेल.

ही? हिला काय माहीत? मीही तेच म्हणत होतो. काल सकाळी हिने चहा ठेवला, आणि चहाशेजारी शिवणाच्या डब्यातली ही कात्री ठेवली. म्हणाली, ‘माझी सुई ज्याने नेलीय, आणि माझ्या साबणाला ज्याने नखं लावलीयत, त्याने ती सुई कुंपणापलीकडे जाऊन वापरेपर्यंत या कात्रीने गवत कापावं.’

सुई? ही काय, खिशातच आहे. मघापासून टोचतेय... पण बोललो का मी काही? नाही! सरका जरा तुम्ही, तुमच्या पायाखालचं राहिलंय कापायचं.